फक्त तालीम

सोमवार, १६ फेब्रुवारी

भूमिका मला मिळाली. वाहिनीच्या कचेरीतून यानिका नावाच्या मुलीनं फोनवर सांगितलं. विश्वास बसेना म्हणून थोड्या वेळानं मीच उलट फोन केला. तेव्हा ती म्हणाली, "हो गं बाई, तूच. डोरियान शिक्लुना. आमच्याकडं दुसरी कुणी डोरियान शिक्लुना नाहीये." म्हणजे नक्की.

मी ओरडले. बाहेर कार्निव्हलचा धिंगाणा चालू होता. आईला वाटलं, खिडकीशी कुणी राक्षसाचं मुंडकं घालून आलं म्हणून मी किंचाळले. ती लाटणं घेऊन आली.

मालिका बारा भागांची. स्टेला नावाची बाई इथं माल्टातच, मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावी, धक्क्यावर खानावळ चालवते. तिचा नवरा समुद्रावर जातो आणि होडी एकटीच परत येते. स्टेला वाट बघते, सगळ्यांचं ऐकून घेते, आणि शेवटी होडी विकते. ती स्टेला मी.

पस्तिसाव्या वर्षी हे घडतंय म्हणून लिहून ठेवते. अँटवर्पच्या नृत्यमंडळीत चौदा वर्षं मी समूहात नाचले, बहुतेक डावीकडून चौथी. समूहात सगळ्यांत मोठी शाबासकी म्हणजे तुम्ही कुणाच्या लक्षात न येणं. आई एकदा खास विमानानं प्रयोगाला आली आणि दुर्बिणीतून अडीच तास भलत्याच मुलीकडं बघून रडली. मग माझा घोटा गेला आणि मी घरी आले. आमच्या गावात, सिज्जीवीत, मला लहानपणापासून "बॅलेवाली" म्हणतात. आता "दमलेली बॅलेवाली" म्हणतात.

माझ्या जुन्या बाई, मादाम व्हिव्हियन, यांनी बालवर्ग घेशील का म्हणून विचारलंय. ईस्टरपर्यंत उत्तर हवंय. चांगलं काम आहे, बाई प्रेमानं देतायत. पण सहा वर्षांच्या मुलींच्या गुलाबी फिती बांधता बांधता मी म्हातारी झालेली मला स्वप्नात दिसते. ही मालिका फसली तर ते स्वप्न राहणार नाही, वेळापत्रक होईल.

एकदा तरी माझं तोंड कुणाला तरी ओळखू यावं. एवढंच मागणं आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख घेऊन सगळे घरी आलो आणि दर वर्षीप्रमाणे ईस्टरपर्यंत कोण काय सोडणार याची जाहीर घोषणा झाली. आईनं कॉफी सोडली. मी नखं खाणं. कार्मनी मावशीनं गोड सोडलं.

"क्वारेझिमाल चालतात," ती लगेच म्हणाली. "त्यात लोणी नसतं."

"मावशी, त्यात नुसती साखर आणि बदाम असतात."

"पण लोणी नसतं."

कार्मनी मावशी आईची थोरली बहीण. आमच्या चर्चच्या सभागृहातल्या नाटकात वीस वर्षं दर गुड फ्रायडेला तिनं येशूच्या क्रुसापाशी रडणारी मग्दालेना केली. तिच्या रडण्याला शेजारच्या गावातून माणसं यायची. तिनं मला शिकवायला घेतलंय. "दुःख तीन प्रकारचं," ती म्हणाली. "एक छातीवर हात. दोन कपाळावर मनगट. तीन, भिंत धरून खाली सरकणं. नवरा मेलाय ना? मग तिन्ही."

मी म्हटलं, तो मेलाय की नाही हे स्टेलाला कळलेलं नसतं.

"तिला नसेल. बघणाऱ्याला कळायला हवं."

मला पटलं. आमच्या नृत्यमंडळीतही हेच शिकवायचे. तिसऱ्या गॅलरीत, खांबामागं बसलेल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पहिला दिवस. दिग्दर्शक रुबेन ग्रेक माझ्याच वयाचा असेल. हळू बोलतो, सारखी दाढी खाजवतो. कॅमेऱ्यावर सालवू आहेत, साठीचे, पोट मोठं आणि पाऊल मांजराचं. फोनवरची यानिका टेकआधी वाजवायची पाटी धरते आणि सगळ्यांवर ओरडते.

प्रसंग असा: स्टेला भांडी घासतेय, दारात एक कोळी येतो आणि सांगतो की होडी सापडली, रिकामी.

रुबेन म्हणाला, आधी तालीम. मी तालीम केली, म्हणजे आम्ही नर्तक करतो तशी. आम्ही तालमीत पाय वाचवतो. उडी असेल तिथं नुसता हात वर, गिरकी असेल तिथं बोट फिरवायचं. नाच मनात पुरा चालू असतो, अंगानं फक्त खुणा. रात्रीच्या प्रयोगाला अंग शिल्लक राहायला हवं ना. तशी मी कोळ्याचं ऐकलं, नळ बंद केला, हात पुसले, ते पुसलेलेच पुन्हा पुसले आणि म्हटलं, "बस. सूप घेशील?" झालं.

मग खरा टेक. मी सगळं दिलं. भांडं हातातून पडू दिलं. छातीवर हात, कपाळावर मनगट, आणि भिंत धरून अशी खाली सरकले की मादाम व्हिव्हियननी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. समोरच्या घरांच्या बंद लाकडी सज्ज्यांमधून बायका बघत होत्या, त्यांनी झडपा वर करून टाळ्या वाजवल्या. एकीनं ओरडून विचारलं, "बाळे, लागलं नाही ना?" कार्मनी मावशी खुर्ची घेऊन आली होती. ती रडली.

रुबेननं बराच वेळ जमिनीकडं बघितलं. मग म्हणाला, "छान. म्हणजे... भरपूर."

भरपूर! पहिल्याच दिवशी.

नंतर सालवू त्याला काहीतरी सांगत होते, "अरे, मघाशी तालमीला बंदच करायला विसरलो बघ." दोघं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकी घालून उभे राहिले. बॅटरी संपली असेल. म्हातारा माणूस, चालायचंच.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

या माणसाला तालमीचं व्यसन आहे. आज एकेका प्रसंगाच्या तीन-तीन तालमी, आणि खरा टेक एकच. तोही बघताना रुबेन असा चेहरा करतो, जणू दात काढतायत.

आज सालवूंनी कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. मी विचारलं तर म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो पोरी. मोतीबिंदू." यानिका तर फारच दमलेली दिसते. तालीम संपल्यावर येते, पाटी उलटी धरून वाजवते आणि जाते. मी तिला म्हटलं, अगं, उलटी आहे. ती म्हणाली, "असू दे, मला सवय आहे." झोप मिळत नसणार.

मी मात्र ताकद राखून आहे. तालमीत अगदी कमी करते, कधी कधी तर नाक खाजवते. आज एका तालमीत नवऱ्याच्या खुर्चीवरचा कोट बाजूला ठेवायचा होता. मी तो उचलला, कुठं ठेवावा सुचेना, परत तिथंच ठेवला. रुबेन म्हणाला, "हेच." मी म्हटलं, हेच काय? तो म्हणाला, "हेच... कोट हाच आहे ना, ते बघत होतो."

गुरुवार, ५ मार्च

वाईट दिवस. वाहिनीचे बुहाजार साहेब आले. हे पैसे देणारे, त्यामुळं सगळे पोट आत घेऊन उभे. नेमका आज माझा मोठा प्रसंग होता: स्टेला धक्क्यावर उभी राहून समुद्राकडं बघते. मी खऱ्या टेकला हात पसरले, मान मागं टाकली आणि टाचा उचलल्या. टाचा उचलायचं ठरवलं नव्हतं, त्या आपोआप उचलल्या जातात.

सज्ज्यांतून टाळ्या. जाळी शिवत बसलेल्या एका कोळ्यानं टोपी काढली.

बुहाजार साहेब रुबेनला बाजूला घेऊन गेले, पण वारा माझ्या बाजूला होता.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"साहेब, थोडं थांबा."

"ती उडून जाईल असं वाटलं मला. नवऱ्याला शोधायला. लोर्ना तबोनी मोकळी आहे पुढच्या आठवड्यापासून. विचारू का?"

"आधी गाडीत चला. एक दाखवायचंय."

दोघं सामानाच्या गाडीत गेले. मी एका उलट्या होडीवर बसून नखं खाल्ली. सगळी. उपासकाळ सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. चष्मा काढून पुसत होते आणि डोळे लाल. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "माझी आई अशीच... जाऊ दे," आणि निघून गेले. घरून काहीतरी वाईट बातमी आली असावी. बिचारे. त्या गडबडीत लोर्ना तबोनीचं राहून गेलं, पण किती दिवस राहील?

शनिवार, ७ मार्च

आज नवऱ्याचे शर्ट वाळत घालायचा प्रसंग. तालमीत मी एक शर्ट दोरीवर टाकला आणि बाहीला चिमटा लावला. आणखी काही करायचं नव्हतं म्हणून दुसरी बाही धरून उभी राहिले. मनात मात्र पूर्ण प्रसंग चालू होता, खऱ्या टेकला शर्टात तोंड खुपसून गुडघ्यावर यायचं ठरवलं होतं.

मावशी खुर्चीवर बसून चीज भरलेली पस्तिझ्झी खात होती. मधेच थांबली. तोंडात घास तसाच. डोळ्यांत पाणी.

"गरम आहे का आतलं?" मी लांबूनच विचारलं.

तिनं मान हलवली. मग खऱ्या टेकला मी शर्टात तोंड खुपसलं, गुडघ्यावर आले, आणि काय आश्चर्य, मावशी पहिल्यांदाच रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, मग सालवूंच्या काळ्या पट्टीकडं, मग यानिकाच्या उलट्या पाटीकडं. ती उठून रुबेनपाशी गेली. दोघं गाडीमागं बोलत उभे होते. मावशीचे हात जोरजोरात हलत होते, त्याचे जोडलेले होते.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "मी उपास बदलतेय."

"म्हणजे?"

"गोड खाणार. त्याऐवजी लोकांबद्दल बोलणं सोडलं."

"मावशी, असं मधेच बदलता येतं?"

"फादरना विचारीन. पण आजपासून मला काही विचारू नकोस. मी देवाला शब्द दिलाय."

कार्मनी मावशीनं कुचाळक्या सोडल्या! आईला सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

गुरुवार, १९ मार्च

संत जोसेफची सुट्टी. चौकात मादाम व्हिव्हियन भेटल्या. सत्तरीच्या आहेत, पाठ अजून पट्टीसारखी. छत्रीच्या टोकानं त्यांनी माझा डावा पाय सरळ केला, मग म्हणाल्या, "काय म्हणतो सिनेमा?"

"मालिका आहे, मादाम. तालमी फार घेतात. टेक एकच."

"किती तालमी?"

मी सांगितलं. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "डोरियान, ज्या मुलीची मी सारखी तालीम घ्यायचे, तिला मी मागच्या रांगेत ठेवायचे. तुला आठवतंय."

आठवतंय. मीच ती.

"बालवर्ग ईस्टरनंतर सुरू होतोय," त्या म्हणाल्या. "मुली गोड आहेत. एक चावते."

तेव्हापासून विचार करतेय. बाई खोटं बोलत नाहीत. माझा एकच टेक घेतात कारण दुसऱ्यात सुधारणा होईल अशी आशाच नाही. सज्ज्यातल्या बायका टाळ्या वाजवतात त्या दयेपोटी. मावशीपण आता रडत नाही. बालवर्गातली ती चावणारी मुलगी मला समोर दिसतेय.

मंगळवार, २४ मार्च

आज धीर करून रुबेनला म्हटलं, "मला तालीम नको. थेट टेक घे. मला दमवू नकोस, मी याहून जास्त देऊ शकते."

"याहून जास्त?" तो खरंच घाबरला. "नको. म्हणजे, आत्ता आहे ते ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे वाईट आहे. रुबेन, स्पष्ट सांग. मी माल्टाची आहे, मला वळसे घालून सांगायची गरज नाही. समोरच्या सज्ज्यांतल्या तिघी मला रोज स्पष्टच सांगतायत."

"त्या काय सांगतायत?"

"सुंदर म्हणतायत."

त्यानं दाढी खाजवली. सालवू मधे पडले, "घेऊ दे की रे एक थेट. तिचंही मन राखलं जाईल."

घेतला. प्रसंग: एक बाई सांगायला येते की तुझा नवरा सिसिलीत दुसऱ्या कुणाबरोबर दिसला. मी जे काही केलं ते पाहून त्या बाईची भूमिका करणारी नटी दोन पावलं मागं सरकली आणि माशांच्या टोपलीत बसली. सज्ज्यांमधून "शाब्बास!" आलं. एकीनं टोपली खाली सोडून मला संत्री पाठवली.

रुबेन म्हणाला, "उद्या परत करू. तालमीनं."

मग मान खाली घालून पुढं म्हणाला, "दुसऱ्या वर्षीची मालिका करायचं चाललंय. बुहाजार साहेब शेवटचा प्रसंग बघून ठरवतील, ईस्टरनंतर. स्टेला होडी विकते तो." म्हणजे सगळं त्या एका प्रसंगावर. तो नीट झाला तर स्टेला, नाही तर फिती.

बुधवार, २५ मार्च

आफ्रिकेकडचा दमट वारा. तालमी. संत्री संपली.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. घंटा बंद, गाव काळ्या कपड्यांत. मिरवणुकीत आठ माणसांच्या खांद्यावरून येशूच्या दुःखी मातेची मूर्ती आमच्या दारावरून गेली. इतक्या वर्षांनी मी नीट बघितली. कपाळावर मनगट नाही, काही नाही. हातात एक रुमाल, नुसता धरलेला. तरी आमची गल्ली गप्प होती.

लाकूड म्हणून चालून जातं. माणसानं इतकं कमी केलं तर पैसे कोण देईल?

मावशी शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं, मग दोन्ही हातांनी दाबून धरलं. शब्द पाळणं तिच्या प्रकृतीला मानवत नाहीये. चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर. सकाळी घंटा सुटल्या, पुनरुत्थित येशूची मूर्ती खांद्यावर घेऊन पोरं रस्त्यातून धावली, दोघांनी चपला सोडल्या. आम्ही जेवायला बसलो. आईनं दीड महिन्यानंतरचा पहिला कॉफीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. मावशीनं हात पुसले, क्रूस काढला, आणि फुटली.

"तुझं सगळं तालमीतलं घेतात!"

"काय?"

"चित्र! तालमीतलं! तुला वाटतं कॅमेरा बंद आहे, बंद नसतो! पहिल्या दिवशी सालवू खरंच विसरला, मग मुद्दाम विसरायला लागला! ती पट्टी, तो दिवा, ती उलटी पाटी. तालमीच्या आधी वाजवली तर तुला कळेल, म्हणून शेवटी वाजवतात, आणि शेवटची असली की उलटी धरतात! ते तुझे खरे टेक बघतच नाहीत गं पोरी! मी रुबेनला म्हटलं, हिला सांग, हे पाप आहे. तो म्हणाला, सांगितलं तर संपेल. पाया पडला माझ्या. मग मी काय करणार? देवाला मधे घातलं. बाई गं, चार आठवडे!" आणि तिनं फिगोल्लाचं, म्हणजे ईस्टरच्या त्या बदामी सशाचं, डोकं मोडून तोंडात टाकलं.

आई म्हणाली, "म्हणजे हिचं काम चांगलं आहे की वाईट?"

"चांगलं आहे! जेव्हा ती करत नाही तेव्हा!"

मी टेबलावरून उठले. सालवूंना फोन केला. मागं नातवंडांचा कल्ला होता. "सालवूकाका, खरं का?"

त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "मोतीबिंदू नाहीये मला, पोरी."

म्हणजे नाक खाजवलेलंही आहे. नवऱ्याच्या कोटाचं काय करावं न सुचलेलं आहे. मी इतके दिवस भिंती धरून घसरले, गुडघे सोलले, आणि ते सगळं सज्ज्यातल्या तीन बायकांनी फुकट बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या मांजरालाही ठाऊक असणार.

सोमवार, ६ एप्रिल

सकाळी मार्साश्लोकला गेले. रुबेन उद्याची जागा बघत धक्क्यावर फिरत होता. मला बघून त्याला कळलं.

"मावशी?"

"ईस्टर झाला."

"मला वाटलं होतं उपासकाळ आठवडाभर जास्त असतो," तो म्हणाला. "मी चर्चला जात नाही."

"चोर आहेस तू."

"आहे."

"सांगायचं होतंस. नुसतं म्हणायचं, डोरियान, कमी कर."

"तुला कमी कर म्हटलं असतं तर तू कमी करणं पूर्ण ताकदीनं केलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून आणखी राग आला. "मी चौदा वर्षं तिसऱ्या गॅलरीसाठी नाचलेय."

"माझी गॅलरी हातभर लांब आहे, डोरियान. मी तिथं बसलेलो असतो, आणि तू खांबामागच्या माणसाला हाका मारतेस." मग तो थांबला. "त्या शर्टाच्या प्रसंगात तू दुसरी बाही धरून उभी राहिलीस. बुहाजारनी गाडीत कोटाचा भाग पाहिला आणि रडले. मी तो शर्ट पाहून रडलो. काय करत होतीस तू तेव्हा?"

"काहीच नाही. मी मनात प्रसंग म्हणून बघत होते. अंग वाचवत होते."

"कशासाठी?"

"खऱ्यासाठी."

आम्ही धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलो. मी विचारलं, उद्या कसं करायचं? आता मला माहीत आहे. कॅमेरा चालू असणार, दिवा झाकलेला असो वा उघडा. पहाटे मी घरी आरशासमोर खुणेनं करून बघितलं होतं. भयंकर. खोटी खूण. खूण करणाऱ्या बाईचं सोंग वाटत होतं, त्यापेक्षा भिंतीवरून सरकणं प्रामाणिक.

"मला माहीत नाही," रुबेन म्हणाला. "सकाळी सातची सौम्य उन्हं फार वेळ टिकत नाहीत. होडी विकत घेणाऱ्याला दोर देतात तेवढाच प्रसंग आहे. बुहाजार स्वतः येणार आहेत. दोनदा करता येणार नाही."

"म्हणजे तालीमही नाही."

"म्हणजे तालीमही नाही."

सज्ज्यातली एक बाई वरून ओरडली, "बाळे, उद्या रडायचंय का? लवकर उठते मी मग!"

घरी येताना मादाम व्हिव्हियनकडं गेले. त्या मुलींचे बूट आकाराप्रमाणं लावत होत्या. मी म्हटलं, बालवर्ग घेणार नाही. उद्या फसलं तरी नाही. आधीच नाही म्हणून ठेवलं नाही, तर उद्या मी बुहाजार साहेबांकडं बघून होडी विकेन.

त्यांनी बूट खाली ठेवला. "मग कुणाकडं बघून विकणार?"

"कळत नाहीये, मादाम. तालमीत बरं होतं म्हणतात. उद्या तालीम नाही."

"नसेल तर घ्यायची," त्या म्हणाल्या, जणू मी पुन्हा सहा वर्षांची आहे. "तालीम नेहमी पुढच्याची असते. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी तुम्ही पाय वाचवायचात ना? आणि शेवटच्या प्रयोगात का नाही वाचवायचात?"

"पुढं काही नसायचं म्हणून."

"मग पुढं काहीतरी ठेव." आणि छत्रीनं माझी हनुवटी थोडी खाली केली. आयुष्यभर त्यांनी ती वर केली होती.

बसमध्ये मी त्याचाच विचार करत आले. मी कमी करत नव्हते. मी सगळं करत होते, फक्त पुढच्या वेळेसाठी शिल्लक टाकत होते. कॅमेरा बंद आहे असं वाटण्यानं काही झालेलं नाही. यापेक्षा मोठं अजून यायचंय असं वाटल्यानं झालंय. स्टेलाचंही तेच नाही का? ती रडत नाही कारण तिचा नवरा उद्या येईल, आणि तेव्हासाठी तिनं राखून ठेवलंय.

म्हणून ठरवलंय. उद्याचा प्रसंग ही पुढच्या वर्षीच्या मालिकेची तालीम. पुढची मालिका अजून कुणी मंजूर केलेली नाही, हे मला माहीत आहे, पण तालमीला मंजुरी लागत नाही.

रुबेनला मात्र हे सांगितलेलं नाही. त्यालाही सहा आठवडे लपवायला मजा आली होती.

रेडिओवर सांगितलं, वारा पहाटेपर्यंत पडेल आणि समुद्र शांत राहील. गाडी सहाला दारात येणार आहे. मावशी आणि आई दोघी येतायत, आई दुर्बीण घेऊन. बुहाजार साहेब पावणेसातला पोचतील असं यानिकानं कळवलंय. सातला सालवू दिवा उघडा ठेवून कॅमेरा चालू करतील, यानिका पाटी सुलटी धरून आधीच वाजवेल, खरेदीदार हात पुढं करेल, आणि मला त्याच्या हातात दोर द्यायचाय.